घरचें आरोग्य : चरबी काढून घेण्यापूर्वीं

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक मुंज झाली. सारे आप्त जमले होते. माझ्या दिवंगत थोरल्या बहिणीची मुलगी बऱ्याच दिवसांनीं भेटली. दुसरें बाळंतपण होऊन तिला दीड वर्ष झालें होतें. तिला दारांत पाहतांच, हातांतील हळदकुंकवाचें तबक खालींहि न ठेवतां, मीं दहा बायकांच्या देखत म्हटलें, "अगं, किती सुटलीस ग!" ती हंसली, मीहि हंसलें आणि ती गोष्ट मी विसरून गेलें. आपल्या घरांतून हें वाक्य कुशलप्रश्नाच्या जागीं वापरलें जातें. त्यांत आपण कांहीं लागेलसें बोललों, असें बोलणाऱ्याच्या मनांतहि येत नाहीं.

श्रावणांत एका दुपारीं ती एकटीच आली. चहा होईपर्यंत इकडचें तिकडचें बोलली आणि मग म्हणाली, "मावशी, एक गोष्ट सांगतें, पण रागावूं नकोस. मी पोटावरची चरबी काढून घेणार आहें. लायपोसक्शन. आगाऊ रक्कम भरली, तारीखहि ठरली. आजपासून दहाव्या दिवशीं. घरांत फक्त ह्यांना ठाऊक आहे. तूं दोन दिवस मुलांपाशीं राहायला ये, एवढेंच मागणें आहे."

मीं विचारलें, "हें एकाएकीं कुठून डोक्यांत आलें?" ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मुंजीच्या दिवशीं तूं काय म्हणालीस, आठवतें का?" मला आठवत नव्हतें. तिला मात्र तें वाक्य, तो दरवाजा आणि आजूबाजूला कोण कोण उभ्या होत्या, तें सारें आठवत होतें.

मी कांहीं डॉक्टर नाहीं. परंतु या सदरांतून गेलीं कित्येक वर्षें घरच्या आरोग्याविषयीं चार शब्द लिहीत आलेलें असल्यामुळें, अशा वेळीं नुसतें "छे, छे, हीं कसलीं थेरें!" म्हणून मोकळें होणें मला शोभलें नसतें. शिवाय या प्रकरणांत माझा वांटा होता. म्हणून मीं तिला एवढेंच सांगितलें, "येतें, पण त्याआधीं आपण दोघी मिळून हा विषय नीट समजून घेऊं, आणि दुसऱ्या एका शल्यचिकित्सकाचें मत घेऊं." ती कबूल झाली. त्या दहा दिवसांत जें वाचलें, विचारलें आणि ऐकलें, तें वाचक-भगिनींच्या व बंधूंच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें. बंधूंच्याहि म्हणण्याचें कारण, हल्लीं या शस्त्रक्रियेसाठीं पुरुषहि थोडेथोडके जात नाहींत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शरीराचा आकार सुधारण्याची शस्त्रक्रिया म्हणजे परक्यांचें कांहीं नवें खूळ आहे, असें आपल्यापैकीं पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. सुश्रुतसंहितेंत कापलेलें नाक पुन्हां घडविण्याची रीत सांगितली आहे, आणि तीच परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पुण्याच्या परिसरांत जिवंत होती. इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नांवाचा एक गाडीवान १७९२ च्या लढाईंत टिपू सुलतानाच्या हातीं सांपडला, व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें कपाळावरील कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक करून दिलें. हा वृत्तान्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत चित्रासह छापला गेला, आणि त्यावरून स्फूर्ति घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकानें १८१४ सालीं लंडनमध्यें तशीच शस्त्रक्रिया केली. तेव्हां या विद्येला नाकें मुरडण्याचा अधिकार निदान आपणांस तरी नाहीं.

परंतु एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. त्या गाडीवानाचें जें गेलें होतें, तें त्याला परत मिळालें. चरबी काढतांना मात्र निरोगी शरीरांतून निरोगी पदार्थ काढावयाचा असतो. रोगासाठीं शस्त्रक्रिया करतांना तिचा धोका रोगाच्या धोक्याशीं तोलला जातो. येथें दुसऱ्या पारड्यांत रोग नाहीं, केवळ इच्छा आहे. इच्छा खोटी असते असें नव्हे. पण म्हणूनच येथें धोक्याचें वजन अधिक काळजीनें करावें लागतें.

या शस्त्रक्रियेचा इतिहासहि बोधप्रद आहे. १९२० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें एका नर्तिकेच्या पायावरील चरबी खरडून काढण्याचा प्रयत्न झाला. त्यांत मोठ्या रक्तवाहिनीस इजा होऊन अखेरीस तिचा पाय कापावा लागला. त्यानंतर पन्नास वर्षें कोणी या वाटेस फारसें गेलें नाहीं. १९७० नंतर रोम येथील फिशर पितापुत्रांनीं पोकळ नळीनें चरबी ओढून घेण्याची रीत काढली, आणि १९७७ सालीं पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनीं बोथट तोंडाची नळी वापरून ती पुष्कळ निर्धोक केली. १९८५ मध्यें कॅलिफोर्नियांतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनीं कातडीखालीं पातळ औषधी द्रव भरपूर भरून, रोग्यास पूर्ण बेशुद्ध न करतांहि हें काम करण्याची पद्धत आणली. आज बहुतेक ठिकाणीं याच पद्धतीचा, किंवा तिच्याच कोणत्या तरी प्रकाराचा, अवलंब केला जातो.

रीत थोडक्यांत अशी : कातडीवर कांहीं मिलिमीटर लांबीचीं छिद्रें पाडतात. त्यांतून मिठाचें पाणी, लिडोकेन हें बधिर करणारें औषध आणि ॲड्रेनलिन यांचें मिश्रण चरबीच्या थरांत भरतात. लिडोकेन म्हणजे दांत काढतांना दंतवैद्य टोंचतात तेंच. ॲड्रेनलिननें बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळें रक्त कमी जातें. मग बोथट नळी आंत घालून ती मागें-पुढें हालवीत चरबी सैल करतात व यंत्रानें ओढून घेतात. यंत्राला कंपनाची, ध्वनिलहरींची किंवा लेसरची जोड देऊन त्यास निरनिराळीं आकर्षक नांवें दिलेलीं असतात. नांव कोणतेंहि असो, यश अवलंबून असतें तें नळी धरणाऱ्या हातावर आणि निवडलेल्या शरीरावर.

आतां, या शस्त्रक्रियेनें काय होत नाहीं, तें आधीं सांगतें. कारण निराशेचें मूळ बहुधा तेथेंच असतें.

पहिली गोष्ट, हा वजन कमी करण्याचा उपाय नव्हे. एक लिटर चरबीचें वजन सुमारें नऊशें ग्रॅम भरतें, आणि बाटलींत जें जमतें त्यांत चरबीबरोबर आंत भरलेला द्रव व थोडें रक्तहि असतें. ज्यांना त्याच दिवशीं घरीं सोडावयाचें, त्यांच्या अंगांतून एकंदर पांच लिटरांहून अधिक काढूं नये, अशी मर्यादा सर्वसाधारणपणें पाळली जाते. त्याहून अधिक काढावयाचें तर रात्रभर रुग्णालयांत देखरेखीखालीं ठेवावें लागतें. तेव्हां "एका दिवसांत दहा किलो" अशी जाहिरात दिसली, तर तेथें जाऊं नये एवढें पक्कें समजावें. ज्यांचें वजन मूळचेंच प्रमाणाच्या आसपास आहे, निदान कांहीं महिने तें स्थिर आहे, कातडी घट्ट आहे, आणि एखाद्याच ठिकाणची चरबी आहारानें व व्यायामानें हलत नाहीं, त्यांच्यासाठीं हा उपाय आहे.

दुसरी गोष्ट, चरबी काढल्यानें कातडी घट्ट होत नाहीं. बाळंतपणांनीं सैल झालेली कातडी आंतला आधार गेल्यावर अधिकच लोंबूं शकते. तसेंच गर्भारपणांत पोटाच्या मध्यरेषेवरील दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर जातात, व कित्येकींच्या बाबतींत ते पुन्हां जवळ येत नाहींत. अशा स्त्रीचें पोट चरबीमुळें नव्हे, तर त्या फटींतून पुढें आलेलें असतें. उताणें निजून डोकें किंचित् उचललें असतां बेंबीच्या वर-खालीं मध्यभागीं दोनांहून अधिक बोटें सहज शिरूं लागलीं, तर ही शंका घ्यावी व डॉक्टरांस दाखवावें. या फटीवर चरबी ओढून घेण्याचा कांहींएक उपयोग नाहीं.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. पोटावर दोन प्रकारची चरबी असते. एक कातडीखालची, जी चिमटींत धरतां येते. आणि दुसरी उदरपोकळींत, आंतड्यांभोंवतीं व यकृताभोंवतीं साठलेली. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशीं जिचें विशेष सख्य आहे, ती आंतली चरबी. आणि नळी तेथें पोंचत नाहीं, पोंचूं नयेच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' मध्यें एकमेकांशेजारीं उभे असलेले स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाहि २२.३. परंतु शरीरांतील चरबीचें प्रमाण मोजलें तेव्हां इंग्रज गृहस्थांचें ९.१ टक्के, आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांचें २१.२ टक्के निघालें! आम्हां भारतीयांचें शरीर दिसतें त्याहून अधिक चरबी बाळगून असतें, म्हणूनच आपल्या स्त्रियांसाठीं कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर व पुरुषांसाठीं ९० सेंटिमीटर मानिली आहे.

त्याच वर्षीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरून प्रत्येकीं सरासरी नऊ-दहा किलो चरबी काढण्यांत आली. दहा-बारा आठवड्यांनीं तपासलें, तों त्यांचा रक्तदाब, रक्तांतील साखर, इन्शुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, यांत कांहीं सुधारणा आढळली नाहीं. तेवढेंच वजन आहार व व्यायाम यांनीं उतरलें असतें, तर या गोष्टी खचित सुधारल्या असत्या. म्हणजे आरसा बदलला, पण तपासणीचा कागद बदलला नाहीं. आणि आरसाहि कायमचा बदलतोच असें नाहीं. कोलोरॅडो विद्यापीठांतील २०११ च्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, एका वर्षांत अंगांतील एकंदर चरबी पहिल्यासारखी झाली. मांड्यांवर ती परत आली नाहीं. ती पोटाच्या बाजूस जाऊन बसली.

आतां धोक्यांविषयीं. निळसर वळ, सूज, बधिरपणा, द्रव झिरपणें, या गोष्टी जवळजवळ सर्वांनाच होतात व बऱ्या होतात. घट्ट पट्ट्याचें कापड बहुधा चार ते सहा आठवडे दिवसरात्र वापरावें लागतें, आणि खरा आकार दिसावयास तीन ते सहा महिने जातात. कित्येकदां पृष्ठभाग उंचसखल राहतो, दोन बाजू सारख्या होत नाहींत, किंवा कातडीखालीं पाणी सांठून तें सुईनें काढावें लागतें. हें सारें त्रासदायक, पण जीवावर बेतणारें नव्हे.

जीवावर बेतणारे प्रकार थोडे, पण ते ठाऊक असलेच पाहिजेत. पायांतील शिरेंत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसांत जाणें; चरबीचे कण रक्तांत शिरणें; नळीनें पोटाचा पडदा वा आंतडें फाटणें; अंगांत द्रव अधिक झाल्यानें फुप्फुसांत पाणी होणें; जंतुसंसर्ग पसरणें; आणि लिडोकेनची मात्रा अधिक होणें. या शेवटच्याविषयीं एक गोष्ट मला अगदीं नवी होती. भरलेलें लिडोकेन रक्तांत हळूहळू उतरतें, व त्याचें प्रमाण सुमारें बारा तासांनीं सर्वांत अधिक होतें. म्हणजे रोगी घरीं येऊन निजलेला असतां. ओंठ व जीभ बधिर होणें, कानांत घणघण, तोंडाला धातूची चव, बडबड, अतिगुंगी, झटके, हीं त्याचीं लक्षणें. वजनाच्या दर किलोस ३५ मिलिग्रॅम ही मर्यादा क्लाइन यांनीं १९९० मध्यें सांगितली. पुढें कांहीं तज्ज्ञांनीं ती ५५ पर्यंत मान्य केली. "मला किती मात्रा देणार?" हा प्रश्न विचारण्याचा रोग्यास पूर्ण अधिकार आहे.

धोका कितीसा, असें कोणी विचारील. अमेरिकेंतील प्लॅस्टिक सर्जनांच्या १९९४ ते १९९८ या काळांतील जवळजवळ पांच लाख शस्त्रक्रियांची पाहणी २००० सालीं प्रसिद्ध झाली. तींत ९५ मृत्यु आढळले, म्हणजे सुमारें पांच हजारांत एक. आणि त्या मृत्यूंचें सर्वांत मोठें कारण फुप्फुसांत गेलेली गुठळी हें होतें. उलट, केवळ जागा बधिर करून मर्यादित चरबी काढलेल्या पंधरा हजारांहून अधिक रोग्यांची १९९५ ची पाहणी आहे; तींत एकहि मृत्यु नाहीं. यावरून दिसून येईल कीं, शस्त्रक्रियेचें नांव एकच असलें, तरी किती चरबी, कोणती भूल, आणि एकाच बैठकींत किती निरनिराळ्या शस्त्रक्रिया, यांवर धोका फार बदलतो. मे २०२२ मध्यें बंगळूर येथें एकवीस वर्षांची एक दूरचित्रवाणी अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. तिच्या आईवडिलांस ती शस्त्रक्रियेला गेल्याचें ठाऊक नव्हतें, असें त्यांनीं सांगितलें. हें वाचून मला भाचीच्या "घरांत फक्त ह्यांना ठाऊक आहे" या शब्दांची आठवण झाली.

म्हणून पुढील प्रश्न एका कागदावर लिहून न्यावेत, व उत्तरें तेथल्या तेथें टिपून घ्यावींत.

शस्त्रक्रिया करणार कोण? आपल्याकडे एम. एस. नंतर प्लॅस्टिक सर्जरींत एम. सीएच. किंवा डी. एन. बी. ही पदवी असते. नुसत्या 'कॉस्मेटिक सर्जन' या पाटीनें भुलूं नये. पाटी रंगविण्यास परीक्षा लागत नाहीं. राज्याच्या वैद्यकीय परिषदेंतील नोंदणी पाहावी. प्रथम भेटींत गोड बोलणारी व्यवस्थापिका भेटली आणि सर्जन भेटलेच नाहींत, तर उठून यावें. भूल कोण देणार, व तो भूलतज्ज्ञ अखेरपर्यंत हजर राहणार काय? कांहीं बिघडल्यास अतिदक्षता विभाग त्याच इमारतींत आहे, कीं रुग्णवाहिका शोधावी लागणार? किती लिटर काढणार, रात्रीं ठेवणार काय, आणि मध्यरात्रीं फोन केल्यास उचलणार कोण? आकार वेडावांकडा राहिल्यास दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

खर्चाविषयीं हें लक्षांत घ्यावें कीं, केवळ सौंदर्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा देत नाहीं. आणि इतर रुग्णसेवेस असलेली वस्तु व सेवा करांतील सूटहि तिला मिळत नाहीं. म्हणून भूल, कापडी पट्टा, औषधें व पुढील भेटी यांसह एकंदर आंकडा लिहून मागावा. सवलतीची मुदत संपते म्हणून घाईनें रक्कम भरूं नये. दिवाळीची सवलत साड्यांवर शोभते.

आणि आपण डॉक्टरांस काय सांगावें? सर्व कांहीं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, 'ई' जीवनसत्त्व, लसणीच्या गोळ्या, यांनीं रक्त अधिक वाहूं शकतें; परंतु हृदयासाठीं दिलेली गोळी मनानेंच बंद करूं नये. संततिनियमनाच्या गोळ्यांनीं गुठळीचा संभव वाढतो. तंबाखू कोणत्याहि रूपांत असली, मग ती सिगारेट असो वा मिश्री, तरी जखम भरण्यास ती वैरीण आहे. बाळंतपण होऊन निदान सहा महिने झाले नसतील, किंवा मूल अंगावर पीत असेल, तर थांबावें. परदेशांतून तीन आठवड्यांच्या रजेवर येऊन शस्त्रक्रिया उरकून जाणाऱ्यांनीं तर विशेष सांभाळावें; ताज्या शस्त्रक्रियेनंतर विमानांत पंधरा तास बसून राहणें म्हणजे गुठळीस आमंत्रण होय. एका पोटरीस सूज वा कळ, एकाएकीं धाप, छातींत दुखणें, यांपैकीं कांहींहि झाल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

येथपर्यंत वाचलेलें व ऐकलेलें झालें. आतां घडलेलें सांगतें.

ठरल्याप्रमाणें आम्ही दुसऱ्या एका अनुभवी शल्यचिकित्सकांकडे गेलों. त्यांनीं चार पानांचा तक्ता भरावयास दिला. पहिल्या ठिकाणीं तो एकच पानाचा होता, आणि त्यांतील निम्मे पान पैशांविषयीं होतें. भाची लिहीत होती व मी शेजारीं बसून वाचीत होतें. 'कुटुंबांत कोणास रक्ताची गुठळी झाली होती काय?' या प्रश्नापुढें तिनें 'नाहीं' लिहिलें. आणि 'आई-वडील' या रकान्यांत, 'आई हृदयविकारानें वारली' असें लिहिलें.

माझ्या पोटांत धस्स झालें. माझी बहीण हृदयविकारानें गेली नव्हती. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशीं ती गेली. आदल्या दिवसापासून तिची एक पोटरी सुजली होती. पडून राहिल्यानें झालें असेल, असें समजून मींच तिला तेल चोळून दिलें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्हाणीघराच्या दाराशीं ती कोसळली. पायांतील गुठळी फुप्फुसांत गेली, असें डॉक्टरांनीं भावोजींना सांगितलें. मुलें लहान होतीं. त्यांना काय समजणार, म्हणून "आईचें हृदय बंद पडलें" असें आम्हीं सांगितलें. आणि सव्वीस वर्षें तेंच सांगत राहिलों. मुलें मोठीं झालीं, त्यांचीं लग्नें झालीं, पण तें वाक्य दुरुस्त करावयाचें राहून गेलें. खरें सांगावयाचें तर, त्या तेलाची आठवण मला नको होती.

मीं तिचा हात धरला आणि म्हटलें, "तें 'नाहीं' खोड." आणि त्या प्रतीक्षागृहांत, हलक्या आवाजांत, जें सव्वीस वर्षांपूर्वीं सांगावयास हवें होतें तें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें तो शब्द खोडला व त्यावर 'आई' एवढेंच लिहिलें.

शल्यचिकित्सकांनीं तो तक्ता दोनदां वाचला. गर्भनिरोधक गोळ्या चालूं आहेत, हेंहि तींत होतेंच. मग त्यांनीं तिचें पोट तपासलें, डोकें उचलावयास सांगितलें, आणि शांतपणें म्हणाले, "बाई, तुमच्या पोटावर चरबी थोडी आहे; फट मोठी आहे, तीन बोटांची. मीं चरबी काढली तरी पोट पुढेंच राहील आणि तुम्ही मला दोष द्याल. पण तो पुढचा प्रश्न. आईंची हकीकत आणि या गोळ्या एकत्र पाहतां, रक्ततज्ज्ञांनीं तपासल्याशिवाय मी तुम्हांला टेबलावर घेणार नाहीं. दुसऱ्या कोणाहि शस्त्रक्रियेच्या वेळीं, कोठेंहि, ही गोष्ट सांगावयाची विसरूं नका."

परततांना रिक्षांत ती बराच वेळ बाहेर पाहत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "मावशी, माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या वेळीं हें डॉक्टरांस ठाऊक हवें होतें, नाहीं का?" मीं "हो" म्हटलें. याहून दुसरें उत्तर नव्हतें.

पहिल्या ठिकाणची तारीख तिनें रद्द केली. भरलेल्या रकमेपैकीं थोडीच परत मिळाली. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें बदलल्या. पोटाच्या स्नायूंसाठीं एका व्यायामतज्ज्ञ बाईंकडे ती आठवड्यांतून दोनदां जाते. फट तीन बोटांवरून दोनांवर आली आहे. शस्त्रक्रिया कधींच करणार नाहीं, असें तिनें म्हटलेलें नाहीं. आणि तिनें तसें म्हणावें, असा माझाहि आग्रह नाहीं. शरीर तिचें आहे, वय तिचें आहे. सर्व ठाऊक असून, योग्य हातीं, योग्य वेळीं तिनें ती करविली, तर मी मुलांपाशीं राहावयास जाईन. दिवाळींत ती आली तेव्हां मीं दारांत तिला विचारलें, "बरी आहेस ना? झोंप मिळते ना?" एवढी एक सुधारणा माझ्या हातून झाली आहे.

वाचकांस शेवटीं एक सुचवावेंसें वाटतें. आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं कुलवृत्तान्त असतो. मूळपुरुष कोणत्या गांवाहून आला, कोणास किती मुलें, कोण कोठें नोकरीस होता, हें त्यांत मोठ्या अभिमानानें लिहिलेलें असतें. कोण कशानें गेला, तें मात्र नसतें. घरांतील वडीलधारीं माणसें आहेत तोंपर्यंत एका वहींत तेवढें लिहून ठेवावें. गुठळी, मधुमेह, कर्करोग, भुलेची बाधा, जें असेल तें, खरें खरें लिहावें. मुलांना दुःख होऊं नये म्हणून आपण जें लपवितों, त्याची गरज पडते ती मुलांनाच.